चालत्या मोटारीचें कांचेचें छप्पर एकाएकीं कां फुटतें ?

मोटारीच्या छपरांत कांचेचें तावदान बसविण्याची पद्धत अलीकडे फार वाढली आहे. त्यास सनरूफ असें म्हणतात. आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरच्या नाहीं तर निदान शेजारच्या गाडीस तरी तें असेलच. तावदान आकाश दाखवितें, उजेड आंत घेतें, व मुलांस तर त्याखालीं बसण्याची मोठी हौस असते. परंतु क्वचित् असें घडतें कीं, गाडी सरळ रस्त्यानें नेहमींच्या वेगानें चालली असतां, वर झाडाची फांदी नाहीं, पुढें खडी उडविणारें वाहन नाहीं, आणि एकाएकीं बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन डोक्यावरील कांचेचे शेंकडों तुकडे होतात. कांचेनें होणारी इजा बहुधा ओरखड्यांपुरतीच असते. खरें भय दचकण्याचें आहे. कारण भरधांव गाडींत हांकणाऱ्याचा हात स्टिअरिंगवरून एक क्षण ढळला तरी पुरे होतें.

अमेरिकेंत अशा तक्रारी महामार्ग-सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे नोंदविण्याची सोय आहे. 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकानें २०१७ सालीं तें दप्तर चाळून पाहिलें, तेव्हां १९९५ पासूनच्या निदान ८५९ तक्रारी त्यांत आढळल्या. त्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक तक्रारी २०११ पासून पुढच्या, म्हणजे छपराचा बहुतेक भाग व्यापणारीं मोठालीं तावदानें प्रचारांत आल्यानंतरच्या होत्या. तक्रारी वर्षाच्या सर्व महिन्यांतल्या होत्या. केवळ कडक उन्हाळ्यावर दोष ढकलून मोकळें होतां येत नाहीं, हें यावरून दिसतें. रस्त्यावरील कोट्यवधि मोटारींच्या मानानें ही संख्या लहान आहे हें कबूल. तथापि ज्याच्या डोक्यावर कांच फुटली त्याचें समाधान गणितानें होत नाहीं.

आतां याचें कारण समजून घ्यावयाचें तर प्रथम कांचेचा स्वभाव जाणला पाहिजे. कांच दाब पुष्कळ सोसते, पण ताण सोसत नाहीं. तिच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म चरे असतात. दोहों बाजूंनीं ओढ लागली कीं ती सारी ओढ चऱ्याच्या टोंकाशीं एकवटते, व चीर पुढें धांवूं लागते. ग्रिफिथ नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही गोष्ट गणितानें सिद्ध केली. उलट, बाहेरून दाब असेल तर चऱ्याचीं तोंडें मिटून राहतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. दहाबारा पुस्तकें ओळीनें उभीं करून दोन्ही टोंकांस तळहातांनीं घट्ट दाबावें व उचलावें. सारी ओळ एका फळीसारखी वर येते. दाब ढिला केला कीं मधलें पुस्तक निसटतें आणि मग सगळींच खालीं येतात.

मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची व पुष्कळशा सनरूफांची कांच याच युक्तीनें बळकट केलेली असते. बाजारांत तिला टफन्ड कांच म्हणतात. लोहार पोलादास जसें पाणी देतो, तसा या कांचेस कारखान्यांत वारा देतात. ती ६०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापवून मऊ होण्याच्या बेतास आणतात, आणि मग दोन्ही पृष्ठांवर थंड हवेचे झोत एकदम सोडतात. त्यामुळें बाहेरचा थर आधीं निवून कठीण होतो. आंतला गाभा मात्र अजून तप्तच असतो. पुढें गाभा निवूं लागला म्हणजे तो आकसूं पाहतो, पण बाहेरचा कठीण थर त्यास आकसूं देत नाहीं. या ओढाताणीचा परिणाम असा होतो कीं, पृष्ठभाग कायमचा दाबांत राहतो व गाभा कायमचा ताणांत राहतो. ही कांच साध्या कांचेच्या चौपट तरी बळकट होते. आणि फुटलीच तर तिच्या लांब सुऱ्या न होतां डाळिंबाच्या दाण्यांसारखे बोथट तुकडे होतात. मोटारींत तिची योजना करतात ती मुख्यतः या दुसऱ्या गुणासाठीं.

परंतु याच गुणाच्या पोटीं दोष आहे. कांचेंत जन्मतःच जें बळ कोंडून ठेवलेलें असतें, तें एकदां कोठूनही मोकळें झालें कीं सबंध तावदान एकदम जातें. साध्या खिडकीच्या कांचेस एका कोपऱ्यांत तडा जाऊन ती वर्षानुवर्षें तशीच राहते. टफन्ड कांचेस तडा म्हणून जात नाहीं, ती असते किंवा नसते. इंग्लंडांत १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट यानें कांचेचे चमत्कारिक थेंब आणले होते. कांचेचा तप्त रस थेंबथेंब पाण्यांत सोडला म्हणजे ते तयार होतात. त्यांच्या गोल डोक्यावर हातोडीनें ठोकलें तरी ते फुटत नाहींत. मात्र बारीक शेंपटी मोडली कीं सर्वच्या सर्व थेंबाचें पीठ होतें. १९९४ सालीं श्रीनिवासन् चंद्रशेखर व मुनव्वर चौधरी या दोघां शास्त्रज्ञांनीं अत्यंत वेगवान् कॅमेऱ्यानें या फुटण्याचीं चित्रें घेतलीं, तेव्हां चीर सेकंदास सुमारें दीड किलोमीटर वेगानें धांवते असें आढळलें. मोटारीचें तावदान म्हणजे या थेंबाचेंच सपाट भावंड होय.

मग शेंपटी कोण मोडतें ? पुष्कळदां उत्तर अगदीं साधें असतें. रस्त्यावरची खडी उडून कांचेवर, विशेषतः कडेवर, बसते आणि बारीकसा टवका जातो. टवका दाबाच्या थरांतच राहिला तर कांहीं होत नाहीं. परंतु तो गाभ्याच्या जवळ पोंचला असेल, तर पुढें केव्हां तरी, दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं, एखाद्या खड्ड्याच्या हिसक्यानें, किंवा वरून ऊन व आंतून गार हवा अशा ओढाताणीनें, शेवटचें केंसभर अंतर ओलांडलें जातें. फुटण्याचा क्षण आणि फुटण्याचें कारण यांत असें अंतर पडल्यामुळें, 'कांहीं लागलें नाहीं' असें शपथेवर सांगणारा मालक खोटें बोलत नसतो, आणि 'दगड लागला असावा' म्हणणारा विक्रेताही सर्वस्वीं चुकत नसतो.

दुसरें कारण कांचेच्या पोटांतच असतें, व आम्हांस तें सर्वांत विलक्षण वाटतें. कांचेच्या रसांत निकेलचा एखादा कण येऊन पडला, तर तेथील गंधकाशीं संयोग पावून निकेल सल्फाइडचा खडा बनतो. हा खडा बहुधा मिलिमीटरच्या एका अंशाएवढाच असतो. सुमारें ३७९ अंशांच्या वर या पदार्थाची रचना आटोपशीर असते. त्याखालीं तो रूप पालटून शेंकडा दोन ते चार इतका फुगतो. साधी कांच हळूहळू निवते, त्यामुळें हें रूपांतर कारखान्यांतच उरकतें. वाऱ्यानें झटपट निवविलेल्या कांचेंत मात्र खडा जुन्याच रूपांत अडकून पडतो आणि पुढें महिनोन्महिने, केव्हां केव्हां वर्षेंही, मुंगीच्या पावलांनीं फुगत राहतो. तो नेमका ताणलेल्या गाभ्यांत असला म्हणजे एके दिवशीं तावदान जातें. ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथील एका उंच इमारतीच्या कांचा अशा फुटूं लागल्या, तेव्हां १९६१ सालीं बॅलंटाइन या संशोधकानें हा चोर उघडकीस आणला. इमारतींच्या कांचा म्हणूनच पुष्कळ ठिकाणीं भट्टींत २९० अंशांच्या आसपास कांहीं तास ठेवतात. ज्या फुटावयाच्या त्या तेथेंच फुटून जातात. मोटारीची कांच पातळ असल्यानें हें कारण तींत कमी वेळां लागू पडतें असें जाणत्यांचें म्हणणें आहे.

तिसरें कारण कारखान्याचें. सनरूफच्या कडेस जी काळी पट्टी दिसते, ती रंगाची नसून कांचेवर भाजून बसविलेली मीनाकारी आहे. सरस ऊन लागून खराब होऊं नये म्हणून ती करतात. पण पट्टीखालील कांच उघड्या कांचेपेक्षां दुबळी होते. दक्षिण कोरियाच्या मोटार-परीक्षकांनीं २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा या पट्टीवर टाकून हा दुबळेपणा दाखविला व संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या मंडळापुढें प्रश्न मांडला. जोडणींतही चूक होते. ह्युंदाई कंपनीनें २०१२ सालीं अमेरिकेंत व्हेलोस्टर जातीच्या तेरा हजारांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या, त्या छपराची कांच बसवितांना दुबळी झाली असावी म्हणूनच.

यावर उपाय आहे व तो जुना आहे. दोन कांचांमध्यें चिवट पापुद्रा चिकटवून केलेली लॅमिनेटेड कांच तडकली तरी जागेवर राहते. फ्रान्समधील बेनेडिक्टस यानें १९०९ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि मोटारीच्या समोरील कांचेस तीच वापरतात. कांहीं कारखानदार ती छपरासही लावूं लागले आहेत. इतरांस वजन व किंमत आड येते. गाडी घेतेवेळीं वडील मंडळींनीं रंगाबरोबर ही एक गोष्ट विचारली तर विक्रेत्यास थोडें अडखळावें लागेल, पण विचारावी. कांचेच्या कोपऱ्यांत जो बारीक शिक्का कोरलेला असतो त्यावरूनही बहुधा तिची जात कळते.

फुटलीच तर हांकणाऱ्यानें वर पाहूं नये. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, एकदम ब्रेक न दाबतां, वेग हळूहळू कमी करीत गाडी डावीकडे उभी करावी. छपराखालील सरकता पडदा आधींच ओढलेला असेल तर बहुतेक कांच त्यावरच राहते. म्हणून लांबच्या प्रवासांत तो ओढून ठेवणें बरें. लग्नाच्या वरातींत व सहलींत मुलें सनरूफमधून अर्धें अंग बाहेर काढून उभीं राहतात, तें तर कांच शाबूत असतांही धोक्याचें आहे. गाडी थांबल्यावर तुकडे झाडून टाकण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें. चिरा जेथून निघाल्या त्या जागीं कधीं कधीं दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे जोडून राहिलेले सांपडतात, आणि निकेलचा खडा असलाच तर तो त्या दोहोंमधल्या सांध्यावर काळ्या ठिपक्यासारखा दिसतो.