बीदरच्या दगडावरची सही

हस्ताक्षराची कला म्हटलं की आधी चीन आठवतो. तिथला थोर सुलेखनकार वांग शीझ याने इ.स. ३५३ मध्ये लिहिलेल्या 'लानतिंग'च्या प्रस्तावनेत एकच अक्षर वीस वेळा आलंय आणि वीसही वेळा त्याचं वळण निराळं आहे, असं सांगतात. दुर्दैवाने मूळ कागद नाहीसा झाला; उरल्या त्या नकला.

त्याच तोलामोलाची अक्षरं आपल्या लातूर-नांदेडच्या वेशीवर आहेत, तीही जागच्या जागी. उदगीरहून गाडीत बसलं की भालकीनंतर बीदर. कंधार, औसा, उदगीरचे किल्ले बहमनी अमलात होते, तेव्हाची ही राजधानी. आपली माणसं तिथं किल्ला पाहतात, नानक झिरा गुरुद्वाऱ्यात माथा टेकतात आणि परत फिरतात. अष्टूरच्या वाटेवरची चौखंडी मात्र राहून जाते. इराणातून आलेल्या सूफी घराण्यातल्या हजरत खलीलुल्लाह यांची ही कबर. बाहेरून अष्टकोनी, आत चौकोनी. तिच्या कमानीवर दगडात उठावाची अरबी अक्षरं आहेत आणि सोबत लिहिणाऱ्याचं नावही आहे: मुगीस अल-कारी, शिराझचा.

अक्षरांच्या उभ्या रेघा दिंडीतल्या पताकांसारख्या दाटीने वर गेलेल्या, खाली गोलाया एकमेकींत अडकलेल्या, मधल्या फटींत वेलबुट्टी. एवढ्या गर्दीत एकही अक्षर दुसऱ्याला ढकलत नाही. हे जमतं कसं?

गुपित आहे नुक्त्यात. बोरूचं टोक तिरकं कापून कागदावर टेकवलं की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो, तो नुक्ता. तोच गज, तीच मोजपट्टी. या 'सुलुस' शैलीत अलिफ या अक्षराची उभी रेघ साधारण सात नुक्ते उंच धरतात, आणि बाकीच्या अक्षरांची मापं अलिफवरून ठरतात. ही शिस्त दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला या वजिराने घालून दिली. राजकारणात त्याचाच उजवा हात तोडला गेला!

दगडावर काम आलं की आणखी एक अवघड गोष्ट. अक्षर कोरायचं नाही, तर भोवतालचा दगड काढून ते वर ठेवायचं. छिन्नी एकदा घसरली की वळण गेलं. अशा कामावर सही लिहिणाऱ्याची राहते. पाथरवटाचं नाव सहसा कुठंच नसतं.

पुढे अष्टूरला १४३६ मध्ये वारलेल्या बहमनी सुलतान अहमदशाह वलीची कबर आहे. उर्साला इथं मुसलमानांच्या बरोबरीने लिंगायतही येतात. घुमटाखाली अंधार असतो. पण दारातून आरशाने ऊन आत फिरवलं की निळ्या आणि शेंदरी रंगावर सोनेरी अक्षरं एकेक करून उजळतात. ती कझवीनच्या शुक्रुल्लाहची.

गावात महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२ चा. त्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरश्यांची अक्षरं अजून चमकतात. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात बराच भाग उडाला, तरी जे उरलं ते थक्क करणारं आहे. गावान बहमनींचा वजीर. पत्र कसं लिहावं यावर त्याने ग्रंथ लिहिला होता. वैऱ्यांनी त्याची मोहोर कोऱ्या कागदावर उठवून घेतली, ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं आणि ते सुलतानाला दाखवलं. १४८१ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. पत्रलेखनाचा हा पंडित एका बनावट पत्राने मेला.

पुढच्या वेळी बीदरला गेलात तर किल्ल्याआधी चौखंडी बघा. अरबी येत नसलं तरी बिघडत नाही. एक अलिफ निवडा, तिची उंची नजरेनं मोजा आणि तीच उंची ओळीभर शोधत जा. लिहिणाऱ्याची करामत तेवढ्यात कळेल.