वजन घटवणारी शस्त्रक्रिया : आधीची तयारी, नंतरचे पथ्य

लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसण्याचे फळ, ही समजूत समाजात अजून दृढ असली तरी वैद्यकशास्त्राने ती केव्हाच मागे टाकली आहे. आनुवंशिकता, संप्रेरके, झोप, औषधे आणि आहार यांच्या गुंत्यातून उद्भवणारा तो एक दीर्घकालीन विकार आहे. मधुमेहाशी त्याचे नाते तर फारच निकटचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीत देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. साहजिकच आहार, व्यायाम आणि औषधे यांनी वजन आटोक्यात न आलेल्या अनेक घरांतून आज एक प्रश्न विचारला जातो : शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

शस्त्रक्रियेस साधारणतः एक ते दोन तास लागतात. तिचे यश मात्र त्याआधीच्या काही आठवड्यांवर आणि त्यानंतरच्या अनेक वर्षांवर अवलंबून असते. निर्णय घेणाऱ्याने आणि त्याच्या कुटुंबीयांनी हे दोन्ही टप्पे आधीच नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पोटात नेमके काय बदलते?

या शस्त्रक्रियांचा इतिहास जुना आहे. जठराला वळसा घालणारी ‘गॅस्ट्रिक बायपास’ पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ साली प्रथम वापरली. आता त्या बहुतांशी दुर्बिणीद्वारे, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून केल्या जातात.

दोन पद्धती विशेष रूढ आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेले जठर केळ्याच्या आकाराच्या नळीसारखे होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या आरंभीच्या भागातून जात नाही. दोन्हींत केवळ जागा कमी होते असे नाही, तर भूक व तृप्ती यांचे संदेश देणारी संप्रेरकेही बदलतात. त्यामुळेच बायपासनंतर अनेक मधुमेहींची साखर वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येते. मात्र मधुमेह जितका जुना, तितकी तो पूर्ण ओसरण्याची शक्यता कमी.

स्लीव्हनंतर एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा आणि बायपासनंतर त्याहून काहीसे अधिक वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात उतरते. तीव्र आम्लपित्ताचा, घशाशी आंबट येण्याचा त्रास असणाऱ्यांना स्लीव्हमुळे तो वाढू शकतो. म्हणून पद्धतीची निवड शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे, तर स्वतःच्या तपासण्यांवरून व्हावी.

पात्रता आणि विमा

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ९५ किलो असेल तर तो सुमारे ३५ आणि १०९ किलो असेल तर ४० येतो. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी २०२२ साली मर्यादा खाली आणून ३५ व त्यापुढील बीएमआय असलेल्यांना सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रिया सुचवली. आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्याबाबत २७.५ पासून विचार व्हावा, असेही त्यांनी नमूद केले.

विम्याचे निकष मात्र याहून कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित शब्दरचनेनुसार वय किमान १८ वर्षे, बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार यांसारखी व्याधी, तसेच वजन घटवण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असणे या अटी आहेत. त्यामुळे आजवरच्या उपचारांचे कागद जपून ठेवावेत, पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी तपासावा आणि पूर्वमंजुरी लेखी घ्यावी.

तयारीचे आठवडे

रक्तक्षय, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, तीन महिन्यांची सरासरी साखर, जीवनसत्त्व बी-१२ व डी, लोह यांच्या तपासण्या आधी होतात. पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी आणि बहुधा जठराची एंडोस्कोपीही करतात. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाची निद्रातपासणी विशेष महत्त्वाची. श्वास अडकण्याचा विकार आढळल्यास सीपॅप यंत्राची सवय आधीच करून घ्यावी लागते.

धूम्रपान किमान सहा आठवडे आधी थांबलेच पाहिजे. तंबाखूमुळे जखम भरण्यास विलंब होतो, फुप्फुसांचा धोका वाढतो आणि बायपासनंतर जोडावर व्रण होऊ शकतो. चालू असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती भूलतज्ज्ञास द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या ठरावीक दिवस आधी बंद कराव्या लागतात. वजन घटवण्यासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइड वा टिर्झेपटाइडची इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. ती लपवल्यास भूल देताना धोका संभवतो.

शेवटचे सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा, कमी पिष्टमय व भरपूर प्रथिनांचा आहार देतात. शिस्त लावणे एवढाच त्याचा हेतू नसतो. लठ्ठ व्यक्तीचे यकृत बहुधा मेदाने फुगलेले असते आणि ते नेमके जठरावर पसरलेले असते. या आहाराने ते आक्रसते आणि दुर्बिणीला वाट मिळते. ‘आता शेवटचेच’ म्हणून या दिवसांत मेजवान्या झोडणारा रुग्ण स्वतःचीच शस्त्रक्रिया अवघड करतो. याच काळात घास लहान घेणे, सावकाश चावणे आणि जेवताना पाणी न पिणे यांचा सराव करावा.

घरी परतल्यावरच्या धोक्याच्या खुणा

बहुतेक रुग्ण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी चालू लागतात आणि दोन-तीन दिवसांत घरी जातात. लवकर चालण्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. अनुभवी केंद्रात ही शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित असली तरी निर्धोक नाही. सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे शिवणीतून होणारी गळती, आणि ती घरी गेल्यानंतरही उद्भवू शकते. विश्रांती घेत असतानाही नाडी १२० च्या वर राहणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, धाप लागणे, एका पोटरीला सूज, काळे शौच, पाणीही न टिकणारी उलटी यांपैकी काहीही दिसल्यास सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरगुती उपाय करत बसणे जिवावर बेतू शकते.

पेजेपासून ताटापर्यंत

पहिले एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेली सुपे घोट-घोट घ्यायची असतात. त्यानंतर साधारण दोन आठवडे ताक, साय काढलेले दूध, मुगाचे कढण, प्रथिनांची पावडर असा द्रवाहार. पुढील दोन आठवडे दाट, मऊ कुस्करलेले अन्न आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू घरचे जेवण. प्रत्येक केंद्राचे वेळापत्रक थोडे निराळे असते. रुग्णाने आपल्या आहारतज्ज्ञाचेच ऐकावे.

आजाऱ्याला पेज, ही गोमंतकीय घराची पहिली प्रतिक्रिया असते. परंतु येथे ती पुरेशी नाही. पेजेने इवले जठर भरते, पण प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत आणि शरीर स्नायू झिजवू लागते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. मऊ आहाराच्या टप्प्यात मुडदुशीसारखी नाजूक मासळी काटे काढून उकडून, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, घोटलेली डाळ हे पर्याय उत्तम. घासात आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरली तर भात, हा क्रम कायमचा. पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण जेवणानंतर अर्धा तास थांबून.

बायपासनंतर गोड खाल्ल्यास साखर वेगाने आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, मळमळ, जुलाब यांचा झटका येतो. त्यास ‘डम्पिंग’ म्हणतात. मद्यही रक्तात चटकन चढते, फेणीचा पूर्वीचा पेला आता दुप्पट भारी ठरू शकतो आणि काहींना व्यसन जडते. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सल्ल्याविना घेऊ नयेत; त्यांनी जोडावर व्रण होतो.

आयुष्यभराची सोबत

जीवनसत्त्वांच्या गोळ्या हे टॉनिक नव्हे. त्या कायम घ्यायच्या असतात. बी-१२, लोह, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची उणीव वर्षानुवर्षे मुकाट वाढते आणि रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, हाडांची ठिसूळता या रूपांत समोर येते. लोह व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष नको. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. प्रथिने व लोह पुरेसे असल्यास ते बहुधा परत येतात. स्त्रियांची प्रजननक्षमता वजन उतरताच वाढते, परंतु १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो आणि बायपासनंतर केवळ तोंडी गोळ्यांवर विसंबता येत नाही.

दोन वर्षांनंतर थोडे वजन परतणे स्वाभाविक आहे. त्यास पराभव मानून तपासण्या सोडणे हीच खरी चूक. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या, सुमारे चार हजार व्यक्तींच्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. लाभ खरा आहे, पण तो पाठपुराव्याने टिकतो.

घरच्यांचा वाटा

आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते. ‘एवढंसंच जेवलीस? आणखी एक नेवरी घे’ हा चतुर्थीच्या पंक्तीतला आग्रह प्रेमाचाच असतो. पण चार घासांत तृप्त होणाऱ्या व्यक्तीला तो दर सणाला परीक्षेस बसवतो. अन्न हाच ज्यांचा ताणावरचा उतारा होता, त्यांना शस्त्रक्रियेनंतर रिकामेपण, खिन्नता जाणवू शकते. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञाची भेट आधी आणि गरजेनुसार नंतरही योजलेली असते. घरच्यांनी वाढायचा हात आवरावा, संध्याकाळच्या फेरीला सोबत करावी आणि गोळ्यांची आठवण द्यावी. जठर लहान करणे शल्यविशारदाच्या हाती असते. त्या लहान जठरासह सुखाने जगणे साऱ्या घराने शिकायचे असते.