गहाण मूल म्हणजे काय?

मजूर मूल वेगळे, गहाण मूल वेगळे. पहिल्यासाठी 1881चा कारखाना कायदा होता : वय किमान 7, काम फार तर 9 तास. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगार संघटित केले, पुढे 1891मध्ये हे आकडे 9 वर्षे आणि 7 तास झाले. विडीच्या बिनयंत्री कारखान्यांना मात्र हा कायदा लागू नव्हता. तिथे बाप उचल घेई, करारावर अंगठा उठवी आणि उचल फिटेपर्यंत पोर विड्या वळी : हेच गहाण मूल. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या 1931च्या अहवालानंतर 1933च्या कायद्याने 15 वर्षांखालील मुलांचे असे करार रद्दबातल ठरवले. दंड पालकाला 50 रुपयांपर्यंत, मालकाला 200. ‘गरिबाची रोजी बुडेल’ हा आक्षेप लंगडा होता, कारण मुलाला अपाय नसलेला, निव्वळ रास्त मजुरीचा आणि आठवड्याच्या सूचनेवर मोडता येणारा करार या कायद्याने चालू ठेवला होता.