वजन कुठल्या पायावर आहे?

महाराष्ट्रात चित्रकलेशी बहुतेकांची गाठ पडते ती शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत. स्मरणचित्रातली ती माणसं आठवून पाहा. सगळी बाजूने दिसणारी, एका उंचीची, आणि हात काढता येत नाहीत म्हणून खिशात घातलेली. त्या हातांचा हिशेब चुकता करावा लागतो पुढे, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या कलाशाळेतल्या लाइफ क्लासमध्ये. चौथऱ्यावर जिवंत माणूस उभा असतो, भोवती अर्धवर्तुळात इझल आणि ‘डाँकी’ म्हणतात ती बसून काढायची बाकं. विद्यार्थी आधी डोळे-नाकाच्या मागे लागतो. जाणता शिक्षक मात्र विचारतो, वजन कुठल्या पायावर आहे?

प्रश्न साधा वाटतो, पण सगळं त्यातच आहे. एका पायावर भार घेतला की त्या बाजूची कंबर वर चढते, दुसरी खाली उतरते, आणि तोल राखायला खांदे उलट कलतात. गळ्याखालचा खळगा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्यावर ओळंब्यात येतो. हे चुकलं तर चेहरा कितीही हुबेहूब उतरो, चित्रातला माणूस कोसळणार. म्हणून गवंड्यासारखा ओळंबा धरायचा, हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. मापाचं एकक म्हणजे डोकं. पुस्तकात उभा माणूस साडेसात डोक्यांचा असतो. समोरचे आजोबा साडेसहाचे निघाले तर साडेसहाचेच काढायचे. पुस्तकातलं प्रमाण शिकायला आठवडा पुरतो, ते बाजूला ठेवायला मात्र वर्षं लागतात.

जे. जे. सुरू झालं 1857 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. पहिला हेतू इथल्या कारागिरांना शिक्षण देण्याचा होता. पण अभ्यासक्रम विलायती वळणाचा, म्हणजे मुलांनी आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती काढायच्या. त्या वर्गाचं नावच ‘अँटिक’. पुतळा हलत नाही, त्याला घाम येत नाही, पाठ दुखत नाही. छायाप्रकाश शिकायला तो उत्तम. पण पुतळ्यांवरच वाढलेल्या विद्यार्थ्याची माणसंही प्लास्टरची होतात.

1919 मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेले ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे.चे प्रमुख झाले आणि त्यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग उभा केला. तेव्हा बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांचे शिष्य नेमकं उलटं सांगत होते. भारतीय कलेचं शरीरशास्त्र निराळं, तिथे डोळा माशासारखा आणि खांदा हत्तीच्या मस्तकासारखा. मॉडेल समोर बसवून ती सापडणार नाही. मुंबईवाल्यांवर परकी नक्कल केल्याचा ठपका बसला. सॉलोमननी लाइफ क्लासच्या जोडीला भित्तिचित्रांचा वर्ग काढला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे नवी दिल्लीच्या सचिवालयात जी सजावट केली, तिच्यात भारतीय अलंकरण आहे आणि लाइफ क्लासमधली हाडंही. दोन दगडांवरचा हा पाय नेहमीच जमला असं नाही.

या वादाला मला पटलेलं उत्तर मिळतं ते एम. आर. आचरेकरांच्या ‘रूपदर्शिनी’ या 1958 च्या पुस्तकात. राज कपूरच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शक म्हणून आचरेकर लोकांना ठाऊक असतात. इथे त्यांनी जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटनं आणि प्राचीन भारतीय शिल्पं शेजारी शेजारी ठेवली. पानं उलटताना लक्षात येतं, की आपल्या शिल्पकारांनी माणूस नीट पाहिला होता, आणि मगच त्यातलं काय ठेवायचं ते ठरवलं होतं.

स्टुडिओचं नशीब उजेडावर. सूर्य सरकतो तशा सावल्या सरकतात, म्हणून उत्तर गोलार्धातले चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात. मुंबईत या नियमाला एक गंमतशीर अपवाद आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. पण मे महिना सुटीचा आणि त्यानंतर आकाशात ढग, त्यामुळे फारसं कुणाचं अडत नाही.

आता चौथऱ्यावरच्या माणसाबद्दल. क्विक स्केचसाठी दोन-पाच मिनिटांच्या पोझ असतात. तिथे मॉडेलला नवनवी ठेवण सुचावी लागते. लाँग पोझ अनेक दिवस चालते. मधल्या विश्रांतीनंतर त्याच जागी उभं राहता यावं म्हणून पावलांभोवती खडूच्या रेघा मारतात. तरी शरीर हळूहळू खचतं. सकाळी ताठ असलेली पाठ दुपारी बोटभर खाली आलेली असते, आणि कोणती पाठ खरी मानायची हे विद्यार्थ्याला ठरवावं लागतं. कसलेलं मॉडेल थकव्याचा अंदाज आधीच घेऊन पोझ निवडतं. हे कसबच आहे. पण भिंतीवर लागलेल्या चित्राखाली नाव आणि पदक चित्रकाराचं, मॉडेल मात्र ‘बसलेली स्त्री’ किंवा ‘फेटेवाला’.

नाव न सांगण्यात मॉडेलचीही सोय असते, कारण स्टुडिओबाहेर या कामाला मान नाही. चित्रांनाही तो कुठे होता? जे. जे.मध्येच शिकलेल्या अकबर पदमसींची ‘लव्हर्स’ ही चित्रं 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत लागली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांना पकडलं. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. रवी जाधवांचा ‘न्यूड’ हा अशाच एका मॉडेलची गोष्ट सांगणारा मराठी चित्रपट. 2017 मध्ये ज्युरींनी निवडूनही माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो गोव्याच्या ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवातून वगळला. ज्युरींचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढच्या एप्रिलमध्ये चित्रपट लागला. त्यातल्या यमुनेला आपलं हे काम मुलापासून लपवावं लागतं.

या परंपरेतलं एक मॉडेल मात्र नावानिशी लोकांना माहीत आहे. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समईच्या ज्योतीवर हात धरलेली स्त्री, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड, आणि हे सगळं जलरंगात. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात. समई घेऊन तासन्तास उभ्या राहिल्या होत्या त्या हळदणकरांच्या कन्या गीता उपळेकर. 2018 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं आणि चित्रातल्या मॉडेलच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रांनी छापली.