केसभराचा ऑफसाइड आणि हातभर चूक

बंगळूरमधल्या फुटबॉलवेड्याला व्हीएआरबद्दल मत विचारायचं असेल, तर आधी घड्याळ बघावं. संध्याकाळी कंठीरवा स्टेडियमच्या पश्चिम गॅलरीत तो म्हणेल, व्हीएआर आणा, उद्याच आणा. रात्री चर्च स्ट्रीटच्या एखाद्या पबमध्ये इंग्लंडची मॅच बघताना तोच माणूस हे थेर बंद करा म्हणून टेबलावर हात आपटत असतो. मीही त्यातलीच. जन्म कोल्हापूरचा, म्हणजे तालमींचे फुटबॉल संघ आणि रेफरीच्या नावाने होणारी बोंबाबोंब बघतच मोठी झाले. नोकरी बंगळूरची, आणि तीही कॅमेऱ्याच्या चित्रांवरून अंतरं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्यामुळे या भांडणात मला दोन्हीकडून बोलता येतं.

आधी आमच्या घरचं दुखणं. 3 मार्च 2023. कंठीरवावर बंगळूर एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) बाद फेरीची लढत होती. नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळ सुरू. 96 व्या मिनिटाला बंगळूरला पेनल्टी बॉक्सच्या बाहेर फ्री किक मिळाली. केरळचा गोलकीपर अजून भिंत लावतोय, तेवढ्यात सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न बघता चेंडू अलगद जाळ्यात टाकला. रेफरीने गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपली पोरं मैदानाबाहेर बोलावली आणि ती परत आलीच नाहीत. आमच्याकडे मैदान आणि गॅलरी यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. एवढ्या लांबून काय चाललंय ते कुणाला धड कळेना. माझ्या मागचे लोक फोनवर घरच्यांना विचारत होते, ‘टीव्हीवर काय सांगतायत?’ अखेर सामना बंगळूरला 1-0 असा बहाल झाला. पुढे फेडरेशनने केरळच्या क्लबला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली.

दुसऱ्या दिवशीपासून जिकडेतिकडे एकच ओरड, व्हीएआर हवं होतं. गंमत अशी, की तिथे ते असतं तरी फारसं काही झालं नसतं. व्हीएआर म्हणजे टीव्हीच्या पडद्यांसमोर बसलेला आणखी एक रेफरी. तेव्हाच्या नियमांनुसार तो चारच गोष्टींत तोंड घालू शकत होता: गोल झाला की नाही, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दाखवलं गेलं असेल तर. तेही चूक ढळढळीत असेल तरच. फ्री किक झटपट घेऊ द्यायची की शिट्टीपर्यंत थांबवायचं, हा मैदानावरच्या रेफरीचा अधिकार. नियम बनवणाऱ्या मंडळाने व्हीएआरला मान्यता दिली ती 3 मार्च 2018 ला, म्हणजे छेत्रीच्या त्या गोलाच्या बरोबर पाच वर्षं आधी.

पण मागणी खोटी नव्हती. पंधरा दिवसांनी गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना झाला. मोहन बागानशी 2-2 बरोबरी होऊन आम्ही टायब्रेकरमध्ये हरलो आणि पेनल्टीच्या निर्णयांवरून भडकलेल्या क्लबच्या मालकांनी, पार्थ जिंदाल यांनी, व्हीएआर आणा असं जाहीरपणे सुनावलं. फेडरेशनचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी त्याच वर्षी कमी खर्चाच्या ‘व्हीएआर लाइट’ची भाषा सुरू केली. 2024-25 चा हंगाम संपला तरी आयएसएलमध्ये त्याचा पत्ता नव्हता.

खरी जखम मात्र दोह्याची. 11 जून 2024, विश्वचषकाची पात्रता फेरी, भारत कतारविरुद्ध 1-0 ने पुढे. 73 व्या मिनिटाला आमच्याच बंगळूरच्या गुरप्रीतसिंग संधूने हेडर अडवला, चेंडू घरंगळत गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसेफ आयमेनने गोल केला. भारताचे खेळाडू हात वर करून उभे. रेफरीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. सामना 2-1 ने गेला आणि भारत बाहेर पडला. चेंडू बाहेर गेलेला टीव्हीवर शेंबड्या पोरालाही दिसत होता. मशीन हवं ते अशा चुकीसाठी.

आता रात्रीचं दुखणं. ऑफसाइडचा नियम सोप्या भाषेत असा, की साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असाल, आणि मग खेळात भाग घेतलात, तर ऑफसाइड. हात मोजत नाहीत. डोकं, धड, पाय मोजतात. पूर्वी लाइनमन नजरेने ठरवायचा आणि आपण त्याच्या खानदानाचा उद्धार करून मोकळे व्हायचो. आता पडद्यावर रेषा ओढतात.

‘त्या क्षणी’ हीच यातली मेख. सेकंदाला 50 चित्रं घेणारा कॅमेरा धरा. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा स्ट्रायकर दोन चित्रांच्या मधल्या वेळात 16 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. समोरचा बचावपटू उलट दिशेला निघाला असेल, तर फरक वीसच्या वर जातो. पाय चेंडूला नेमका कोणत्या चित्रात लागला, हे ठरवणार माणूस. आणि त्यावरून बुटाच्या टोकाएवढ्या अंतराने गोल रद्द! माझ्या कामात मोजमापाशेजारी ते किती चुकू शकतं हेही लिहिलं नाही, तर रिपोर्ट परत येतो. इथे रेषा अशी ओढतात, जणू ती देवानेच आखली आहे.

कतारच्या 2022 च्या विश्वचषकात हे बरंच सुधारलं. छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू, आणि चेंडूच्या पोटात सेकंदाला 500 वेळा नोंद करणारा सेन्सर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने असं निमस्वयंचलित ऑफसाइड आणलं ते 12 एप्रिल 2025 ला. त्याच संध्याकाळी कोलकात्यात आम्ही मोहन बागानकडून आणखी एक अंतिम सामना हरत होतो, व्हीएआरशिवाय.

मशीन नेमकं झालं म्हणून राग जात नाही. एप्रिल 2024 मध्ये वेम्बलीवर दुसऱ्या श्रेणीतल्या कोव्हेंट्री सिटीने मँचेस्टर युनायटेडची तीन गोलांची आघाडी फेडली आणि जादा वेळेच्या अखेरीस चौथा गोलही केला. खेळाडू, प्रेक्षक सगळे बेभान. मग तपासणी, आणि केसभराचा ऑफसाइड. टायब्रेकरमध्ये खेळ खलास. गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं, हा हिशोब एकदा डोक्यात शिरला की तो निघत नाही. मीसुद्धा हल्ली गोल झाला की आधी पडद्याच्या कोपऱ्यात बघते.

त्यावर माणसाची चूक उरतेच. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा चांगला गोल ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरवाल्याने तपासलं आणि सगळं ठीक म्हणून कळवलं, कारण मैदानावर गोलच दिला आहे अशी त्याची समजूत होती. खेळ सुरू झाला, आता थांबवता येत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी वुल्व्हजने व्हीएआर हटवायचा ठराव मांडला, तो 19-1 ने पडला. स्वीडनमध्ये मात्र क्लबची सूत्रं सभासद प्रेक्षकांच्या हातात, त्यांनी व्हीएआर दारातच अडवलं.

कंठीरवापासून चिन्नास्वामी स्टेडियम हाकेच्या अंतरावर. तिथे क्रिकेटवाल्यांनी ‘अंपायर्स कॉल’ काढून मशीनलाही चूक होऊ शकते हे नियमातच लिहून टाकलं. शिव्या त्यालाही पडतात, पण मला तो प्रामाणिक वाटतो. भारतीय फुटबॉलने इंग्लंडचा सगळा संसार उचलून आणायची गरज नाही. दोह्यासारखी हातभर चूक पकडा, बुटाच्या टोकाचं लाइनमनवर सोडा.

तसा मार्गही निघतोय. कमी कॅमेऱ्यांच्या स्पर्धांसाठी फिफाने 2024 मध्ये कोलंबियातल्या महिलांच्या 20 वर्षांखालील विश्वचषकात एक पद्धत वापरली: पडद्यामागे वेगळा रेफरी नाही, प्रशिक्षकानेच बोट हवेत फिरवून चौथ्या रेफरीला कार्ड द्यायचं, मग मैदानावरचा रेफरी स्वतः रिप्ले बघणार. सामन्यात अशा दोन मागण्या. मागणी बरोबर निघाली तर ती शिल्लक राहते. आमच्या पश्चिम गॅलरीच्या हातात ती कार्डं दिली, तर दोन्ही पहिल्या दहा मिनिटांत संपतील, त्यातलं एक तर थ्रो-इनवरून.