व्याज नको म्हणून रोखीने घर घेताय? मग कागद तुम्हालाच तपासावे लागतील

पहिलं घर घेताना आपल्यातली अनेक कुटुंबं बँकेची पायरीच चढत नाहीत. कारण उघड आहे, व्याज. मग गावची जमीन विकून, दागिने मोडून, सौदी-दुबईतल्या भावाकडून कर्ज-ए-हसना घेऊन रक्कम उभी केली जाते. नियत चांगलीच आहे. पण बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील घराचे कागद तपासतो. स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून का होईना, तपासतो. रोखीच्या व्यवहारात हा वकील नसतो. आणि ज्या इमारतीवर कुठलीच बँक कर्ज देत नाही, ती नेमकी रोखवाल्यांनाच स्वस्तात दाखवली जाते.

"बँकेची कटकट नाही, नोटरी करून देतो, आठ दिवसांत चावी," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. नोटरी म्हणजे मालकी नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घराचं खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या पॉवर ऑफ अटर्नीवर घर विकत घेतलं तर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. स्टॅम्प ड्युटी वाचली खरी, पण उद्या तोच फ्लॅट दुसऱ्याला विकला गेला तर हातात काय राहील?

दुसरी गोष्ट इमारतीची. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळली, ७४ जीव गेले. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (लोक ओसी म्हणतात) बघायला मागा. "ओसी येतेय" हे उत्तर वर्षानुवर्षं तेच असतं. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या वेबसाइटवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून पाहा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जुनं घर असेल तर वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या. त्याची फी जड वाटते, पण लाखोंच्या व्यवहारात ती काहीच नाही.

"रोखीने" म्हणजे नोटांची पिशवी नव्हे, हेही सांगायला हवं. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय नोटांची पावती कोण देतो? चेक द्या, नाहीतर खात्यातून पाठवा.

आता घरातली गोष्ट, जिच्यावर कोणी बोलत नाही. पैसे थोरल्या भावाने पाठवले, घर अब्बांच्या नावावर घेतलं. अब्बांच्या इंतकालनंतर ते घर विरासतीत जातं, सगळ्या वारसांचा त्यात हिस्सा येतो. भावाने दिलेले पैसे कर्ज होते, हिबा होता की भागीदारी, याचा कागदच नसतो. मग भावंडं कोर्टात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत सांगितलंय. तरी सख्ख्या भावाकडे कागद मागायला आपल्याला लाज वाटते! पैसे घेतानाच दोन ओळी लिहा, तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या. ज्याने पैसे घातले त्याचं नाव खरेदीखतात असेल तर उत्तमच.

आणि घर फक्त बायकोच्या किंवा अम्मीच्या नावावर घेणार असाल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते.