विश्लेषण : सेंट लुसियाची ज्युलियन आल्फ्रेड महाविद्यालयीन धावपटू ते ऑलिम्पिक विजेती कशी बनली?

जेमतेम पावणेदोन लाख लोकवस्तीच्या देशाला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या ज्युलियन आल्फ्रेडची जडणघडण अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये झाली. ही व्यवस्था चालते कशी, तिने ज्युलियनला काय दिले आणि त्यासाठी काय मोजावे लागले, याचा आढावा.

ज्युलियन आल्फ्रेड कोण?

कॅरेबियन समुद्रातील सेंट लुसिया हे बेट भारतीय क्रीडारसिकांना आठवते ते क्रिकेटमुळे. २०२४च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा फटकावल्या, त्या याच बेटावर. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १०० मीटर शर्यतीत ज्युलियन १०.७२ सेकंदांत पहिली आली. अमेरिकेची शा-कॅरी रिचर्डसन (१०.८७ सेकंद) दुसऱ्या, तर मेलिसा जेफरसन (१०.९२ सेकंद) तिसऱ्या स्थानावर राहिली. इतक्या कमी अंतराच्या शर्यतीत ०.१५ सेकंदाचा फरक मोठा मानला जातो. त्यानंतर ज्युलियनने २०० मीटरमध्ये रौप्यपदकही मिळवले. एका स्पर्धेआधी सेंट लुसियाच्या खात्यात एकही ऑलिम्पिक पदक नव्हते, स्पर्धा संपली तेव्हा दोन होती.

सुरुवात कोणत्या परिस्थितीत झाली?

ज्युलियनचा जन्म १० जून २००१ रोजी राजधानी कॅस्ट्रीजमध्ये झाला. लहानपणी अनवाणी, कधी शाळेच्या गणवेशातच धावत असल्याचे तिने पॅरिसमधील विजयानंतर सांगितले. देशात धड सुविधा नाहीत आणि स्टेडियमची दुरुस्तीही रखडली आहे, हे बोलायला ती कचरली नाही. त्यामागे कारणही होते. २००९मध्ये सेंट लुसियाच्या दक्षिण भागातील रुग्णालयाला आग लागली आणि ते देशातील प्रमुख स्टेडियममध्ये हलवावे लागले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय अनेक वर्षे तशीच राहिली.

ज्युलियन १२ वर्षांची असताना, २०१३मध्ये तिच्या वडिलांचे निधन झाले. तिने धावणे सोडले. प्रशिक्षक कुथबर्ट मोडेस्ट यांनी तिला पुन्हा मैदानात आणले. मात्र, बेटावर पुढचा टप्पा नव्हता. वयाच्या १४व्या वर्षी ती एकटीच जमैकाला गेली आणि सेंट कॅथरीन हायस्कूलमध्ये दाखल झाली. २०१७मध्ये तिने राष्ट्रकुल युवा स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्ण, तर २०१८मध्ये ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवले. त्यानंतर तिने अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाची वाट धरली.

अमेरिकेतील महाविद्यालयीन व्यवस्था कशी चालते?

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन ‘एनसीएए’ ही संघटना करते. गुणवान खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देते. पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, राहणे आणि जेवण यांचा खर्च येतो. त्याशिवाय प्रशिक्षक, फिजिओ, व्यायामशाळा आणि ट्रॅक एकाच आवारात मिळतात. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई केली. त्यामुळे मुलींच्या संघांनाही संधी व शिष्यवृत्ती देणे भाग पडले.

हिवाळ्यात बंदिस्त स्टेडियममधील स्पर्धा आणि वसंत ऋतूपासून जूनपर्यंत मैदानी स्पर्धा असा हंगाम असतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्या आठ जणींना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात आणि त्यांच्या बेरजेवर विद्यापीठाचे सांघिक विजेतेपद ठरते. त्यामुळे एकच धावपटू १००, २०० मीटर आणि रिले अशा अनेक शर्यतींत उतरते. हा ताण मोठा असला, तरी एकाच दिवशी पुन:पुन्हा वेगाने धावण्याची सवय त्यातूनच लागते.

टेक्सासमध्ये ज्युलियनने काय साधले?

कॅनडाचे माजी ऑलिम्पियन तिहेरी उडीपटू एड्रिक फ्लोरेयाल हे तिथे तिचे प्रशिक्षक होते. वाट सरळ नव्हती. २०२०मध्ये करोनामुळे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धाच रद्द झाल्या. टोक्यो ऑलिम्पिकमध्येही ती धावली नाही. २०२२मध्ये तिने १०० मीटरचे महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले. मात्र, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चुकीच्या सुरुवातीमुळे ती बाद झाली. आताच्या नियमानुसार अशी एक चूकही माफ होत नाही. काही दिवसांतच तिने बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवून सावरल्याचे दाखवले.

२०२३चा हंगाम मात्र तिचाच होता. मार्चमध्ये अल्बुकर्की येथे तिने ६० मीटर शर्यत ६.९४ सेकंदांत जिंकली. इरिना प्रिवालोव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा ही वेळ ०.०२ सेकंदानेच जास्त होती. त्याच स्पर्धेत २०० मीटरमध्ये तिने २२.०१ सेकंद वेळ दिली. जूनमध्ये ऑस्टिनला, आपल्याच विद्यापीठाच्या मैदानावर, तिने १०० मीटर १०.७२ आणि २०० मीटर २१.७३ सेकंदांत जिंकून टेक्सासच्या सांघिक विजेतेपदात मोठा वाटा उचलला. वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन ॲथलीटला दिला जाणारा ‘बॉवरमन’ पुरस्कारही तिला मिळाला.

त्या वेळा विक्रमात का धरल्या गेल्या नाहीत?

पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती वेळ विक्रमासाठी ग्राह्य धरत नाहीत. ऑस्टिनमधील दोन्ही अंतिम शर्यतींत वारा या मर्यादेपलीकडे होता. त्यामुळे ते १०.७२ कागदावर अर्धवटच राहिले. गंमत म्हणजे पॅरिसमध्ये, पावसाने ओल्या झालेल्या ट्रॅकवर आणि वाऱ्याची मदत नसताना, घड्याळाने नेमके तेच १०.७२ दाखवले. या वेळी मात्र त्यावर कोणालाही आक्षेप घेता आला नाही.

या व्यवस्थेची किंमत काय?

जानेवारीपासून जूनपर्यंत विद्यापीठासाठी धावणाऱ्या खेळाडूला ऑगस्टमधील जागतिक स्पर्धेपर्यंत लय टिकवणे कठीण जाते. २०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत, व्यावसायिक झाल्यानंतर लगेचच, ज्युलियन १०० मीटरमध्ये पाचवी आणि २०० मीटरमध्ये चौथी आली. पैशांचा प्रश्नही आहे. २०२१पासून महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली असली, तरी विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूंवर बंधने आहेत. ज्युलियनने प्रशिक्षक आणि ऑस्टिन हा तळ बदलला नाही. पुढच्या वर्षी महाविद्यालयीन स्पर्धांचा भार नव्हता. मार्च २०२४मध्ये ग्लासगोला ६० मीटरचे जागतिक सुवर्ण आणि पाच महिन्यांनी ऑलिम्पिक सुवर्ण तिच्या हाती आले.

भारतासाठी बोध काय?

भारताच्या द्युती चंदने विद्यार्थिनी असताना २०१९मध्ये नेपल्स येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्ण जिंकले होते. तिने २०२१मध्ये नोंदवलेला राष्ट्रीय विक्रम ११.१७ सेकंदांचा. पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता वेळ ११.०७ होती. ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा २०२०पासून होत आहेत, पण वर्षातून मोजक्या स्पर्धा आणि वर्षभर चालणारी महाविद्यालयीन लढत यांत फरक आहे. ज्युलियनकडे गुणवत्ता कॅस्ट्रीजमध्येही होतीच. मात्र, ती फुलण्यासाठी तिला १४व्या वर्षी घर सोडावे लागले. पॅरिसमध्ये सुवर्ण गळ्यात असताना तिने स्टेडियमचा विषय काढला, तो पुढच्या मुलींवर ती वेळ येऊ नये म्हणूनच.